आत्या ठरवतील

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
४ ऑक्टोबर

तीर्थरूप वन्सं यांना,

शामलाचा अगदी वाकून नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असेल तर उजवा. फोनवर तुम्ही नेहमी 'हा गुडघा' म्हणता, आणि हा म्हणजे कुठला ते ग्वाल्हेरहून दिसत नाही.) जबलपूरला उकाडा कमी झाला असेल. केदार हैदराबादला मजेत आहे. मी ठीक आहे. यांचं पुढे लिहिते.

एकोणीस दिवस झाले, तुम्ही माझा फोन उचललेला नाही. यांना तेवढा एका ओळीचा मेसेज आला, की भाऊबीजेला या वेळी जमेलसं वाटत नाही. वन्सं, मी या घरात आल्याला तेहतीस वर्षं झाली, त्यांत तुम्ही एक भाऊबीज चुकवली नाहीत. हाताला प्लास्टर होतं त्या वर्षीसुद्धा डाव्या हाताने ओवाळून गेलात. तो मेसेज वाचल्यापासून हे काही बोलत नाहीत (तसे ते आधीही बोलत नसत, पण हे न बोलणं वेगळं आहे), आणि दुसरी पोळी नको म्हणतात. राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. फोन तुम्ही कापाल, पण आलेलं पत्र न वाचता टाकायचा तुमचा स्वभाव नाही. मी माफी मागायलाच बसले आहे, फक्त आधी सगळं सुरुवातीपासून सांगू द्या, कारण जबलपूरपर्यंत जे पोचलं ते अर्धंच पोचलं.

तर ब्लॉग. वन्सं, काय चीज आहे म्हणून सांगू! आपण लिहायचं, एक बटण दाबायचं, की जगात कुणालाही वाचता येतं. मध्ये कुणी नाही. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेला मी आठ पानं दिली होती आठवतं ना, त्यांनी त्यातल्या आठ ओळी छापल्या आणि वर माझ्या नावाखाली मुंज लावून देणाऱ्याची जाहिरात टाकली. इथे तसं काही नाही. कितीही लिहा, जागा संपतच नाही! केदार गणपतीला येऊन गेला तेव्हा म्हणाला, आई, तू दिवसभर मला जे फोनवर सांगतेस ते लिहून काढ. (त्याचा हेतू फोन कमी व्हावेत हा होता, हे मला नंतर कळलं. असो.) लॅपटॉप ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली, मी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि बसले.

आणि पहिल्याच पायरीवर अडले. तो फॉर्म विचारतो, ब्लॉगचं नाव काय? आता आपल्या घरात नाव ठेवायचा मान आत्याचा. केदारच्या बारशाला सासूबाईंच्या मनात दिग्विजय होतं, तरी नाव तुम्हीच त्याच्या कानात सांगितलंत ना? मग मी परस्पर कसं ठेवणार? तुम्हाला फोन करावा तर वाजले होते अडीच, आणि दोन ते चार तुमची झोप. (तेव्हा फोन करायचा नाही हेही तुमचंच ठरवलेलं.) फॉर्म काही पुढे जाईना. रकाना रिकामा ठेवला की लाल अक्षरांत ओरडायचा. शेवटी केदार झाला तेव्हा दवाखान्यातल्या कागदावर बाळाच्या नावापुढे आपण जे लिहिलं होतं तेच मी लिहिलं, 'आत्या ठरवतील'. म्हटलं, चारनंतर विचारून बदलू. पुढचं बटण दाबलं, आणि वन्सं, झालं की हो! वर मोठ्या अक्षरांत 'आत्या ठरवतील', खाली समुद्रकिनारी कॉफी पिणारी एक गोरी बाई (ती आपोआप येते, शेजारच्या सुलोचनाबाईंना ती केदारने परस्पर केलेली सून वाटली), आणि बाईच्या खाली मी. माझं नाव! मी यांना ओढत आणून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि 'बरंय' म्हणाले. यांच्याकडून 'बरंय' मिळायला लोकांना जन्म काढावा लागतो.

आता माझी चूक. चार वाजले, पण मी तुम्हाला फोन केला नाही. नाव मला आवडून गेलं होतं. आणि एकदा नाव तसं ठेवलं म्हटल्यावर लेखही त्याला धरून हवेत, म्हणून तुम्ही आजवर काय काय ठरवलंत ते लिहायला घेतलं. हात थांबेचना! पहिला लेख फ्रिजचा. २००४ साली आपण फ्रिज घेतला तेव्हा तुम्ही सांगितलंत, की ओट्याजवळ नको, तेलकट होतो, बैठकीत ठेवा. तेव्हापासून तो बैठकीत आहे. एकवीस वर्षं मी कोथिंबिरीसाठी पाहुण्यांच्या मधून जाते, आणि शेजारचे दिनकरराव सोफ्यावर बसले की तो सरकवल्याशिवाय फ्रिजचं दार उघडत नाही म्हणून त्यांना बर्फ न घालता सरबत देते. वन्सं, यात चेष्टा नव्हती. म्हणजे थोडी होती. पण शेवटी मी हेही लिहिलं होतं, की बाड्याच्या बाजारातल्या दुकानदाराने तीन वर्षं टिकेल म्हणून सांगितलं होतं तो फ्रिज अजून ठणठणीत आहे. शेवटापर्यंत कुणी वाचत नाही, हा या धंद्यातला मोठा दोष.

केदारने तो लेख मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि जी गंमत सुरू झाली! पहिल्या दिवशी दोनशे चौदा वेळा वाचला गेला. (त्यांतल्या साठ वेळा मी. प्रत्येक वेळी आकडा वाढतो का ते बघायला उघडला की आकडा वाढतो.) दतियाहून, उज्जैनहून लोकांनी आपापल्या आत्यांचं लिहिलं. एकीच्या घरी आत्याने ठरवलं म्हणून तीस वर्षं दारं हिरवीच रंगवतात. आणि मग बायका फ्रिज बघायला यायला लागल्या. खरंच! मंगळवारी सुलोचनाबाई बहिणीला घेऊन आल्या. "शामलाताई, फ्रिज दाखवा ना जरा, हिला यकीनच नाही होत आहे." बहिणीने फ्रिजशेजारी उभं राहून फोटो काढला. त्या आठवड्यात अकरा जणी आल्या, सगळ्यांना चहा केला, दुधासाठी बैठकीत गेले की टाळ्या! मी हुरळून गेले, वन्सं, खोटं कशाला सांगू. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी आपल्यासाठी टाळ्या वाजवेल असं वाटलं नव्हतं.

आणि तिकडे तुमच्या विहीणबाईंनी चार माणसांत तुम्हाला विचारलं, "फ्रिजवाल्या आत्या त्या तुम्हीच का?" हे मला केदारकडून कळलं. इथे सगळ्या हसत होत्या, पण तिथे तुम्ही एकट्या होतात, आणि उत्तर द्यायला मी शेजारी नव्हते. याचं मला फार वाईट वाटतं. लेख गमतीचा होता, पण गंमत तुमच्या जिवावर होती, आणि आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. माझं चुकलं. कान धरते (एका हाताने, दुसऱ्यात पेन आहे).

भावजींना नमस्कार, नातवंडांचे गाल माझ्या वतीने ओढा, आणि गुडघ्याला जपून.

तुमची,
शामला

ता. क. : माफी तर मागितलीच, पण खरं काम पुढेच आहे. सोबत चार कागद जोडले आहेत. हा माझा सहावा लेख. तुम्ही सगळे मला बघायला इंदरगंजला आमच्या घरी आला होतात त्या दिवसाचा. मी इतकी बोलले की पोहे गार झाले. परतताना टांग्यात सासूबाई, मामंजी, काका, सगळ्यांचं 'नाही' ठरलं होतं, पोरगी फार बोलते म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, "श्रीपाद बोलत नाही, घरात कुणीतरी बोलणारं हवं. हीच." हे मला यांनी सांगितलं, तेही लग्नाला वीस वर्षं झाल्यावर. तुम्ही कधीच बोलला नाहीत. वन्सं, तुम्ही ठरवलं नसतं तर मी कुठे असते? लेखाच्या शेवटी हेही लिहिलं आहे, की आता त्या माझ्याशी बोलत नाहीत आणि भाऊबीज तोंडावर आली आहे. छापायचा की फाडायचा ते तुम्ही सांगा. तुमचा होकार आल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं आहे, म्हणून टेप. आज सकाळीच केदारचा फोन आला. "आई, ये वाला बेस्ट है, ऑफिसमध्ये रडलो यार." कुठला म्हणून बघते तर तोच! मी नुसता जपून ठेवायला गेले होते, तो काल दुपारीच छापला गेला. तीनशे अठरा जणांनी वाचला (या वेळी माझे शून्य), आणि एकेचाळीस जणांनी खाली एकच प्रश्न विचारला आहे, त्या भाऊबीजेला येणार का? मी एकेचाळीस जणांना 'हो' असं लिहून टाकलं. हे मागे उभे राहून वाचत होते. मग तुमची गादी यांनी स्वतः गच्चीवर नेऊन उन्हात टाकली. लिहिलेलं पुसतात कसं ते केदारने मला अजून शिकवलेलं नाही. तेव्हा गाडी आणि डब्याचा नंबर तेवढा कळवा. हे तासभर आधीच स्टेशनवर जाऊन बसतील.