अढीतली वाइन

१८ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी इन्व्हेस्टर. म्हापशाचा नितेश सकाळी बाटल्या पोचवून गेला. फ्रान्सची जुनी रेड वाइन. लेबलवरचं एकही अक्षर वाचता येत नाही, म्हणजे माल अस्सल. नितेश म्हणाला, या धंद्यात काही करायचं नसतं, नुसतं ठेवून द्यायचं, जितकी जुनी तितकी महाग. माझ्या स्वभावाला इतका जुळणारा धंदा आजवर भेटला नव्हता. एक बाटली तर माझ्या लग्नाच्या आधीची. तिचं नाव ठेवलं 'थोरली'.

पैसे तुळसाच्या ऑपरेशनचे. डॉक्टर म्हणाले होते, आधी उजवा गुडघा करा, उशीर नको. पण डॉक्टरांना गुंतवणुकीतलं काय कळतं? मे महिन्यापर्यंत दामदुप्पट. मग दोन्ही गुडघे एकदम. बायकोसाठी इतका लांबचा विचार जामसंड्यात दुसरा कोणी करत नसेल.

तुळसाला सांगितलं, हॉस्पिटलात नंबर लावलाय, वाट बघायची. बाटल्यांचं सांगितलं, स्वस्तात मिळाल्या, सीझनला व्यापाऱ्यांना भेट द्यायला. दोन्ही गोष्टी तिने लगेच मानल्या. स्वभाव चांगला आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

नेटवर वाचलं. वाइन थंड जागी, अंधारात, आडवी ठेवावी. ही माणसं तळघरं खणतात, कारण त्यांनी अढी बघितलेली नाही. आपला हापूस कच्चा काढतात, आंब्याच्या खोलीत गवतात घालतात, आणि तो सोन्यासारखा पिकतो. मग वाइन का पिकणार नाही? बाटल्या गवतात खोचल्या. उभ्याच. घरात कोकम सरबताच्या बाटल्या कोणी आडव्या ठेवतं का?

संकल्प: रोज एकदा खोलीत जाऊन वास घेणे.

१६ जानेवारी, गुरुवार

तुळसा गुडघ्याला निर्गुडीचा पाला गरम करून बांधते. वास घरभर. वाइन वास ओढून घेते असं वाचलंय. तिला सांगितलं, पाला पडवीत बसून बांध. गेली बिचारी. पडवीत सकाळचं गार लागतं खरं, पण गुंतवणूक म्हटली की घरातल्या प्रत्येकाने थोडं सोसायला हवं.

मीही सोसतो. चहा हल्ली उशिरा मिळतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

तुळसाने विचारलं, "ओ, माझो नंबर खंयसर इलो?" जवळ आलाय म्हटलं. "मगे एकदा फोन करून बघूया?" म्हटलं, डॉक्टरांना फोन केलेला आवडत नाही, नंबर मागे टाकतात.

आता यापुढे खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. दुपारी ती मासळी घ्यायला पायऱ्या उतरली. तिरकी होऊन, एक-एक, भिंतीला धरून. वर आली तेव्हा चेहरा असा झाला होता, की मी आपणहून सांगून टाकलं: मध्येच कुणा पुढाऱ्याची आई घुसली, म्हणून नंबर राहिला. हे शेवटचं. ती रागावेल वाटलं. तर म्हणाली, "आसांदे. तिचेय पाय दुकत असतले."

संध्याकाळी जेवण गेलं नाही. बांगडा शिळा असावा.

४ एप्रिल, शुक्रवार

आंबा सुरू झाला. अढी भरली. खोलीत पाऊल टाकलं की भट्टीत गेल्यासारखं वाटतं, इतकी ऊब. आंबे भराभर पिकतायत. वाइननेही आता वेग घेतलाय. बुचं वर आली आहेत. आतला माल वाढतोय याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा कोणता? 'थोरली' तर बाहेरून थोडी पाझरली. तुळसा म्हणाली, "बाटल्यांक मुंगयो लागल्यो." मुंग्यांना क्वालिटी कळते.

नितेशला फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. गिऱ्हाइकांशी बोलण्यात असणार.

२७ एप्रिल, रविवार

दरवर्षी अढीतले आंबे तुळसा परतते, खालचे वर करते. यंदा तिला खाली बसता येत नाही. बसली तर उठता येत नाही. मी परतले. कंबर मोडली. हे काम ती इतकी वर्षं करत होती आणि एकदाही बोलली नाही. बोलायला हवं होतं. माणसाला कळणार कसं?

नितेशचा फोन बंद. काल बंद, परवाही बंद. गोव्यात रेंजचा प्रॉब्लेम फार.

खोलीत आंब्यांच्या वासाखाली दुसराच कसलासा वास येतो. पिकल्याचा असेल. असणारच.

१८ मे, रविवार

आज राखणदाराचा, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाचा मान. सीझन संपताना कोंबडा आणि बाटली द्यायची आमची रीत. आंबा त्याच्या भरवशावर असतो. दरवर्षी गावठी दारू आणतो. यंदा मी विसरलो, डोकं ठिकाणावर नव्हतं.

वाडीतला सत्यवान देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. शेजारपाजारची माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणायला जमली. तुळसा काठी टेकत, घाटी चढून वर आली. हातात पिशवी. पिशवीतून काढली 'थोरली'. म्हणाली, "तुमी इसारलास, म्हणान मीच हाडलंय. सगळ्यात जुनीपानी बघून घेतलंय. लेबल पार गेलेला, व्यापाऱ्याक देवक बरी दिसाची नाय."

सत्यवानाने बूच नखाने उपसलं. बाटली दगडावर ओतत गाऱ्हाणं सुरू केलं: "बा देवा राखणदारा म्हाराजा! ह्यो परशुराम आणि ही तुळसा तुझी लेकरां! तुका मान देतत, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुळसाचो हास्पिटलातलो नंबर अडकलो आसा, तो मोकळो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण मधी आडवो इलो असात, त्येका तूच वाटेर हाड रे म्हाराजा!"

सगळे ओरडले. तुळसाने माझ्याकडे बघितलं, कारण माझाच आवाज आला नव्हता. मग मीही ओरडलो. व्हय म्हाराजा. सर्वांत मोठ्याने.

बाटलीचा तळ सत्यवानाने तीर्थ म्हणून वाटला. घोट घेताच त्याचं तोंड वाकडं झालं. "परशुरामा, ह्या काय हाडलंस रे? आंबाट! सोलकडी बरी." मीही घेतला. आंबट. नुसतं आंबट नाही, वर कुजकं. हसून म्हटलं, फ्रेंच चव आहे, सवय लागते. कुणी दुसरा घोट मागितला नाही.

घरी येऊन खोलीचं दार लावून आणखी तीन फोडल्या. तशाच.

उपाय सुचेल. झोप झाली की डोकं चालतं.

१९ मे, सोमवार, सकाळ

झोप झाली नाही.

उठलो तर तुळसा अंघोळ करून, ठेवणीतलं पातळ नेसून तयार. गाऱ्हाण्यानंतर तिला राहवलं नाही म्हणे. सकाळीच तिने स्वतः हॉस्पिटलात फोन लावला. तिकडच्या बाईने सांगितलं, नंबर कसला? खाट रिकामी आहे, आजच या, येताना पैसे घेऊन या.

मला वाटलं, आता सगळं उघडं पडलं. पण तुळसा दोन्ही हात जोडून बागेच्या दिशेला बघत रडत होती. "पावलो ओ, राखणदार पावलो! एका रातीत नंबर मोकळो केल्यान!" इतकी खूश तिला मी पोरीच्या लग्नातही बघितली नव्हती. मला रडू आलं. आंबट ढेकर आली असं सांगितलं.

बॅग भरून ती पडवीत बसली आहे. निर्गुडीचा पाला तिने परसात टाकून दिला. म्हणाली, आता कित्याक होयो?

मी आंब्याच्या खोलीत बसून हे लिहितोय. तिची तिसरी हाक आली: "ओ, चला मा, एस्टी चुकतली!"

चपला सापडत नाहीत, असं सांगितलंय.