शेवटची सोळा पानं

नाना, दुकानातलं सागाचं कपाट मी केलं, पुस्तकं दाबायचा शिकंजा मी केला, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ मीच शिजवली आणि तुमच्या वाचनालयातल्या एकूण एक कादंबरीला पुठ्ठा मी चढवला. कुणी शिकवलं नाही. फाटकं पुस्तक उसवत, ते आधी कसं शिवलं होतं ते बघत शिकलो. तुम्ही गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं; हे लिहितोय, कारण परवा सगळं विकलं जाणार होतं. तोरणमाळच्या वाटेवर एकजण हॉटेल बांधतोय, त्याला जेवणघराच्या भिंतीसाठी जुनी पुस्तकं हवी होती. तो टेप लावून कपाटातल्या रांगा मोजत होता आणि मी टेपचं दुसरं टोक धरून उभा. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "यंदा नही म्हनात ना, ते मंग दुकानमाच ऱ्हावा."

तुमची रीत त्याला ठाऊक नव्हती. मे महिन्यात हेरकथा आणि राजेराण्यांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या परत येत नसत, या घरातून त्या घरात फिरत राहत. म्हणून तुम्ही प्रत्येकीची शेवटची सोळा पानं उसवून वेगळी शिवायला लावलीत. पुस्तक घरी न्या, शेवट इथे बाकावर बसून वाचा. एस.टी.चा ड्रायव्हर गाडी रस्त्यातच उभी करून आत येतो, घाम पुसत म्हणतो, "नाना, तो जिता शे का मरना, इतलंच सांगा." तुम्ही माठाकडे बोट दाखवता. "पानी पे, आठे बठ, वाच." बाहेर प्रवासी ओरडतायत, आणि हा कुठल्याशा बर्फातल्या पुलावर आहे.

पत्रा तापलेला, झोप नाही, काम सुचत नाही. अशा दुपारी माणसाला दुसऱ्याची भीती द्यावी, असं तुम्ही म्हणायचात. मी मात्र पेन्सिल घेऊन चुका काढायचो. इतक्या जुन्या काळातली राजकन्या आगकाडीनं दिवा कसा लावते? तुम्ही पुस्तकावरून नजर न काढता म्हणालात, "तिना हात थरथरी ऱ्हायना ना, ते वाच." त्या दिवशी मला राग आला होता.

परवा टेप गुंडाळून होत नाही तोच कोरीट गावच्या एक बाई आल्या. हेर पकडला जातो तिथपर्यंत वाचून झालं होतं, शेवट मागितला. मी पानं दिली, त्या बाकावर बसल्या. हॉटेलवाला हसला, "ते सुटे कागद राहू द्या, शेठ. मला पुस्तकांच्या पाठी दिसल्या म्हणजे झालं, भिंतीला खिळ्यानं ठोकणारच आहे." बाईंनी मान वर केली नाही. "मंग तो जिता शे का मरना, ते लोके कोणले इचारतीन?"

मी त्याला नाही म्हटलं. बायको बोलत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो: लाख म्हणाला असता तर मी काय बोललो असतो, मला ठाऊक नाही. तो ऐंशी हजारांवर थांबला.