मलईमासा

४ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले! सफाळ्याला उतरून रिक्षा केली. एडवणच्या पुढे, रस्ता संपतो तिथे, समुद्र असा काही समोर आला की मी रिक्षावाल्यादेखत 'आई गं' म्हणाले. नाशिकच्या हॉटेलात दहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कांदे चिरले. आज पहिल्यांदा पूर्ण स्वयंपाकघर माझं. खोलीसुद्धा स्वतंत्र. खिडकीत सुरूची झाडं, खाली वाळू.

गाव मूळचं मच्छीमारांचं. चाळीस होड्या होत्या म्हणे. आता चार उरल्यात, वाळूत कलंडलेल्या. त्यांना गुलाबी रंग दिलाय आणि आत बसून लोक फोटो काढतात. बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर रंगीत दिवे टांगलेत. घरोघरी 'रूम मिळेल'च्या पाट्या. रिसॉर्टचे मालक इंद्रजीत सावे पन्नाशीचे, गळ्यात तुळशीची माळ, बोलायला लाघवी. सांगत होते, समुद्रातला मासा आटला तेव्हा गावाने रडत बसण्यापेक्षा रिसॉर्टं बांधली. भाजी माकुणसारच्या वाडीतून रोज ताजी येते. वालाच्या शेंगा पाहून जीव हरखला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

इथला खास पदार्थ चाखला: मलईमासा. त्यासाठी लोक मुंबईहून गाड्या काढून येतात. याला काटे नाहीत, खवले नाहीत, माशाचा वास म्हणून नाही. कच्चा तुकडा हातात घेतला तर खरवसासारखा थुलथुलीत आणि किंचित कोमट. नुसत्या मीठ-हळदीवर तव्यात टाकला की स्वतःच्याच चरबीत शिजतो. मी चवीपुरता घेतला आणि दोन ताटल्या संपवल्या. स्वतःचीच लाज वाटली.

हा मासा रोज सकाळी धीरज आणतो. चाळिशीचा, पूर्वी स्वतःची होडी होती, आता माझ्या हाताखाली आचारी. बादली झाकून आणतो. कुठून, ते सांगत नाही. सावेंना विचारलं तर हसून म्हणाले, चव बघा मॅडम, पत्ता कशाला? त्यांनी स्वतः कधी चाखलेला नाही, माळकरी आहेत.

७ नोव्हेंबर, गुरुवार

एक गोष्ट खटकली. मासे कापायच्या ओट्यावर माश्या घोंगावतात. कोळंबीवर बसतात, बोंबलावर बसतात, मलईमाशावर एकही बसत नाही. मांजरीपुढे तुकडा टाकला, तिने हुंगून पाठीवरचे केस उभे केले आणि पळाली. मोरीत त्याचं पाणी सोडलं की शेंबडासारख्या तारा जाळीला चिकटतात. गरम पाण्याने जात नाहीत, बोटांनी ओढून काढाव्या लागतात. ओढताना त्या उलट ओढतात असं वाटतं. तरी दुपारी पुन्हा खाल्ला.

भांडी घासायला ठमी असते. सफाळ्याच्या डोंगराकडच्या पाड्यावरून येते, पंचविशीची, अबोल. ती इथलं काही खात नाही, घरून तांदळाची भाकरी आणते. का, विचारलं. म्हणाली, "माझी भईन बुधी खायची. लय खायची. मंग कुटं गेली ते कलला नाय." बुधी हिच्या आधी याच मोरीवर होती. सावेंचं म्हणणं, पावसाळ्यात कुणाबरोबर तरी भिवंडीकडे गेली. ठमी म्हणते, दोन लहान पोरं टाकून ती जाणारी नव्हती. म्हणूनच तिने हे काम धरलंय, बहिणीचा माग लागेल म्हणून.

१० नोव्हेंबर, रविवार

आज गर्दी. बाहेर डोकावले तर माणसं ताटल्या चाटत होती. अक्षरशः, जीभ लावून. चांगल्या घरची, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. हनुवटीवरून पांढरा ओघळ आणि पुसायचंही भान नाही.

बोईसरची एक बाई सहाव्यांदा आली होती. कौतुकाने माझा हात हातात घेतला. तिचा तळवा ओला होता. मी दाबला तर आत काही लागलंच नाही, मळलेल्या कणकेत बोटं जावीत तशी माझी बोटं तिच्या हातात रुतली. तिला दुखलं नाही. हसत होती. मी तीन वेळा साबणाने हात धुतले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पीठ मळताना उजव्या अंगठ्याचं नख निघून पिठात राहिलं. दुखलं नाही, रक्त नाही. नखाखाली पांढरं, ओलसर, श्वास घेतल्यासारखं हलणारं. चिकटपट्टी लावली. पीठ फेकलं.

दोन दिवस भात घशाखाली उतरत नाही, वाळू चावल्यासारखा लागतो.

रिसॉर्टला लागून एकच जुनं घर उरलंय, शालू तांडेलचं. म्हातारी अजून अंगणात चार बोंबील वाळवते. तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"खाल्लास?"

मी मान हलवली.

"किती दिस?"

आठवडा, म्हटलं. ती म्हणाली, "आमच्यातला कोनी त्याला शिवत नाय. धीरजला सांगितला हुता, वर काडू नको. तो बोलला, जाल्यात दुसरा काय येतंय? आजच्या आज घरी जा, पोरी. पानी बगू नको."

१३ नोव्हेंबर, बुधवार

गेले होते. खरंच गेले होते. सफाळ्याच्या फलाटावर बाकावर बसून आईला फोन केला, संध्याकाळी येते म्हणाले. पोहे घेतले. पहिला घास ओकले. ओकारीत पांढऱ्या तारा होत्या आणि त्या ऊन टाळून बाकाच्या सावलीकडे सरकत होत्या. लोक उठून गेले.

मग भूक लागली. अशी भूक मला कधी लागली नव्हती. दुपारी तीनला मी परत इथे होते, कच्चा तुकडा हातात, ओट्याखाली उकिडवी बसून. ठमीने पाहिलं. मी तोंड फिरवलं, पण थांबले नाही.

आईचे अकरा फोन.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

घडलं तसं नीट लिहिते.

सकाळची बादली मी कापायला घेतली. एका मोठ्या तुकड्यावर हिरवट ठिपके दिसले. बुरशी असेल म्हणून सुरीने खरवडले. निघेनात. ठिपके ओळीत होते, मध्ये उभी रेघ आणि दोन्हीकडे फांद्या. ठमी भांडी ठेवायला आली. तिच्या हातातून टोप पडला. तिने बाही वर केली. तिच्या दंडावर तेच झाड, तसंच. दोघींनी एकाच जत्रेत, एकाच बाईकडून गोंदवून घेतलं होतं.

ती ओरडली नाही. तुकडा उचलून पदरात घेतला, बाळाला घ्यावा तसा, आणि जमिनीवर बसली. "बुधी हाय ही," म्हणाली. पुन्हा पुन्हा तेवढंच.

तुकडा तिच्या पदरात कोमट होता. मला माहीत आहे, कारण मी हात लावला.

आणि हात लावल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

धीरजला गाठलं. तो नाकारत नाही. मला रिसॉर्टमागच्या, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेला. पत्र्याच्या फटींतून भर दुपारचं ऊन आत येत होतं, सगळं दिसलं.

हौद. खाडीच्या पाण्याने भरलेला. त्यात काठोकाठ ते. एक नाही, अनेक, पण एकमेकांत विरघळलेले. फुगतं, बसतं. त्याला घाम येतो. कुठे कानाची पाळी, कुठे डोक्याचे केस बुळबुळीत झालेले. एका जागी ओठ होते, नुसते ओठ, पाण्याखाली उघडमीट करत. कापलेली जागा भरत होती.

पहिला लोळा जाळ्यात आला, धीरज सांगत होता. त्याने आणि भावाने भुकेपोटी खाल्ला. मग ज्यांनी खूप खाल्लं त्यांची हाडं मऊ झाली आणि ती माणसं सरपटत पाण्याकडे आली. सावे त्यांना खाडीत जाऊ देत नाहीत, इथे ठेवतात. माझ्या आधीचा आचारी इथेच आहे. धीरजचा भाऊ नीलेशही.

"तू आपल्या भावाला कापतोस?" मी विचारलं.

"त्याच्या बाजूचा नाय कापत," तो म्हणाला आणि रडू लागला. डोळे पुसायला हात उचलला तर मनगटापासून पंजा उलटा लोंबला, ओल्या मोज्यासारखा.

मी तिथेच ओकले. हौदातलं सगळं त्या बाजूला सरकलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ

पाय धरत नाहीत. खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवरून आले. मागे ओला पट्टा.

आज सत्तर पाहुणे. बसमधून येणार. मुलंही आहेत.

ठमीने रात्रीच पाडा गाठायला हवा होता. नाही गेली. तिला सांगितलं, फिनेलचे कॅन आण, सगळे. आजच्या तिन्ही बादल्यांत ओतलं. मांस पांढऱ्याचं करडं झालं, आक्रसलं, त्यातून शिट्टीसारखा आवाज. किती घाण. आणि मला रडू, मेलं, चांगलं अन्न वाया गेलं म्हणून

उरलेले कॅन ठमी हौदावर घेऊन गेली. बुधीसाठी जाते म्हणाली. मी म्हटलं जा.

दुपार

बाहेर बसचा भोंगा. सावे धीरजवर ओरडतायत, बादल्या कुठे, बादल्या कुठे. कारखान्याकडून मघाचाच आवाज, शिट्टी, पण कितीतरी जणांची. मग बंद. सगळं बंद.

धीरज दारात बसून राहिलाय. सुटले, म्हणतो. नीलेश सुटला.

पेन दोन मुठींत धरलंय. बोटं नाहीत, म्हणजे आहेत, पण

ठमी आली. अंगाला फिनेलचा वास. देवा, काय छान स्वच्छ वास. तिला सांगितलं वही घे. पोलिसांना दे. सफाळ्याला नाही ऐकलं तर पालघरला. मग पाड्यावर जा, बुधीच्या मुलांजवळ. आईचा नंबर पहिल्या पानावर

ती ऐकत नाही. पदर सोडलाय, मला पाठीशी बांधून नेणार म्हणते. नको ठमी. तुझा दंड एवढा जवळ आणू नको, मला वास येतोय, भूक लागलीय गं, हात लावू न