वेशीत सुटणारा पाय

३ नोव्हेंबर, सोमवार
उमरी रोड, सायकलवर जाऊन-येऊन ४० कि.मी. वाघमारे काकांची वेळ १ तास २६ मि. पाहिजे १:२०. साठीवरच्या गटात तेवढ्यात आलं तरच राज्याच्या शर्यतीला नाव, नाहीतर बसा घरी. निवडीची शर्यत १४ डिसेंबरला, जळकोटला. सहा आठवडे, सहा मिनिटं.

माणूस एकसष्टचा. लाइनमन म्हणून रिटायर, तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेले पाय. विशीत जिल्ह्यात पहिला यायचा. आजही चढावर त्यांच्या मागं राहायला मला स्कूटीची रेस वाढवावी लागली. मग सहा मिनिटं सांडतात कुठं?

शेजारच्या सरांनी विचारलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला पळवता मॅडम. म्हटलं, उद्या तुम्ही या, तुम्हाला नुसतं चालवते.

९ नोव्हेंबर, रविवार
सापडलं! मोबाईलवरच्या आलेखात वेगाची रेघ पाच ठिकाणी खाली पडते. पाचही ठिकाणी गाव. पहिलं घर आलं की बत्तीसचा वेग अठरावर, शेवटचं घर संपलं की परत बत्तीस. जाताना पाच, येताना पाच.

मागून नीट बघितलं. डावा पाय पायडलवरून सुटतो आणि लटकतो. खाली उतरायला निघालेल्या माणसाचा असतो तसा. विचारलं तर म्हणे, "कुत्री असतात मॅडम." एक कुत्रं नव्हतं. टपरीवर चार माणसांत बोलले मी, करंटच्या तारेला हात घालणारा माणूस कुत्र्याला भितो होय? काका हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मला वाटलं, लई हुशार मी. पायडलला अडकणारे बूट दिले. पाय सुटणारच नाही, प्रश्न मिटला.

दुसऱ्या गावाच्या पहिल्या घरापाशी पाय सुटायला गेला, बुटानं सोडला नाही. सायकलसकट डाव्या अंगावर. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालं. चूक शंभर टक्के माझी. गावातल्या बायकांनी पाणी आणून दिलं. काका म्हणाले, बूट राहू द्या, मॅडम. मी म्हटलं, काढा आधी.

१६ नोव्हेंबर, रविवार
पट्टी बांधलेला हात घेऊन हजर. बायपासवर नेलं. गाव नाही, घर नाही. १:१९:४०! मी रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

काका घाम पुसत म्हणाले, "यात काय हाय? मला गावातून जायचंय."

मग बांधावर बसून सांगितलं. लहानपणी बाप सायकलवर जळकोटला शाळेत सोडायचा. रस्त्यात एक गाव. वेस आली की बाप उतरायचा, हे कॅरियरवरून उतरायचे. सायकल हातात धरून चालत शेवटच्या घरापर्यंत. मग परत बसायचं. पाऊस असू दे, पोराला ताप असू दे. बाप पोराला सांगायचा, चाल, तेवढेच पाय मोकळे होतात.

"खांबावर चढलो तवा सगळं गाव माझ्या खाली असायचं, काही वाटलं न्हाई. सायकलवर बसलो की मात्र पाय ऐकत न्हाई. चाळीस वर्षं झाले, शर्यती मारल्या त्या सगळ्या मैदानात."

कोणतं गाव, विचारलं. नाव सांगितलं. माझंच गाव. वेशीतलं पहिलं घर आमचं.

"ठाऊक हाय मॅडम. म्हणूनच तुमच्याकडं आलो. म्हणलं, पाय जिथं सुटला तिथल्यानंच बसवून द्यावा."

कुत्र्याला भितो होय, असं विचारलं होतं मी या माणसाला. लाज वाटली, आणि नंतर राग आला. राग अजून आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
नवी पद्धत. पहिलं घर दिसलं की एक गिअर जड करायचा. पायाला जोर लावावाच लागतो, सुटायला फुरसत मिळत नाही. पाचातली दोन गावं निर्धोक. १:२४.

३० नोव्हेंबर, रविवार
सराव सकाळी उरकून गावी गेले. शर्यतीचा रस्ता बघितला, आमच्या वेशीतूनच आहे, जाताना आणि येताना. अण्णा, माझे वडील, नेहमीसारखे दारात लिंबाखाली खुर्ची टाकून. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत.

सरळ विचारलं. अण्णा म्हणाले, "आम्ही कुठं उतरा म्हणत होतो माय? ते आपणच उतरायचे."

म्हटलं, आणि नसते उतरले तर?

अण्णांनी आत बघून चहा टाकायला सांगितलं. मी चहा घेतला नाही. चौदा तारखेला मी याच दारात बसणार, एवढं सांगून निघाले. आई फाटकापर्यंत आली, म्हणे जुनं कशाला उकरून राहिलीस. उकरत कुठे आहे, ते वरच पडलंय.

६ डिसेंबर, शनिवार
सराव नाही. मी तक्त्यावर आजही चार फेऱ्या लिहून ठेवल्या होत्या. काकांनी पेन्सिलीनं काट मारून परत दिला, "सहा तारखेला न्हाई, मॅडम." विहारात जाणार होते. हे मला सांगायला लागावं?

९ डिसेंबर, मंगळवार
१:२१:१०. चार गावं साफ. पाचव्याला कमान आहे, तिथं टाच उचलली गेली. काकांनी स्वतःच्या मांडीवर चापट मारली आणि वळून तेच गाव परत काढलं. मग अजून एकदा. तिसऱ्यांदा नाही उचलली. लोक बघत होते. बघू देत.

१४ डिसेंबर, रविवार, स. ९.५०
वेशीत बसून लिहितेय, अण्णांच्या शेजारी.

शर्यत नऊला सुटली. इथं बारावा कि.मी. चोवीस मिनिटांत यायला हवे होते, आले चोवीस वीसला. वारं समोरून होतं. मी फक्त डाव्या पायाकडे बघत होते. पहिलं घर, म्हणजे आमचं. गिअर पडल्याचा आवाज आला. पाय सुटला नाही. काकांनी आमच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

अण्णांनी विचारलं, कोण होता. म्हटलं, मारुती वाघमाऱ्यांचा मुलगा.

अण्णा म्हणाले, "मारुती उतरायचा."

"हो."

"ह्यो न्हाई उतरला."

"नाही उतरला. येतानाही उतरणार नाही."

आतून नाष्ट्याला दोनदा हाक आली. अण्णा उठले नाहीत. परत कधी येतो, विचारलं. म्हटलं, पाच-सहा मिनिटांत. तर म्हणाले, खुर्ची जरा मागं घे, त्याला रस्ता लागंल.

घेतली. वीस सेकंद मागं आहेत, वारं आता पाठीवर असेल. पलीकडच्या वळणावर अजून कुणी दिसत नाही. अण्णाही तिकडंच बघतायत.