लीलाताईंच्या तैलचित्राची नक्कल

४ डिसेंबर
पोचले एकदाची राऊला. देवासहून निघाले, वाटेत पोहे-जलेबी झाली. लीलाताईंचा मेसेज होता, दार उघडंच आहे, सरळ आत ये. आत कोणी दिसेना. दिवाणखान्यात संस्थानी काळातल्या एका उस्तादानं काढलेलं तैलचित्र लावलेलं: हिरव्या शालूतली, खुर्चीत बसलेली बाई. काय डोळे काढलेत भिया! बघतच राहिले. मग लक्षात आलं, कोपऱ्यातल्या सोफ्यावर लीलाताई बसल्यात. रिटायर्ड टीचर, एकट्याच असतात. इथंच राहून मी या चित्राची अॅक्रिलिकमध्ये नक्कल करायची. खोली मस्त आहे, ऊन भरपूर.

७ डिसेंबर
शालू झाला. अॅक्रिलिक फटाफट सुकतं, त्यामुळे तेलरंगातल्या मऊ सावल्या जमवायला पातळ थरांवर थर द्यावे लागतात. दिवसभर चित्रातल्या बाईकडेच बघत असते. सामान मीच आणते. ताई म्हणतात, दुकानदार त्यांच्याकडे लक्षच देत नाहीत. घरी फोन केला तर माझा भाऊ प्रणव मॅचमध्ये गुंग. इथं ओळखीचं कोणी नाही. पण काम करताना एकटं वाटत नाही. तिची नजर असते ना.

१२ डिसेंबर
डोळे रंगवतेय. नमकीनच्या दुकानात दोनदा शेव मागितली. मागून आलेले घेऊन गेले. दुकानदारानं माझ्याकडे वर बघितलंच नाही.

१५ डिसेंबर
आज ताई सोबत आल्या. दुकानदारानं हसून त्यांना विचारलं, "आंटीजी, बहुत दिनों बाद? अकेली आईं?"
मी त्यांच्या शेजारीच उभी होते.
ताई तिथंच रडायला लागल्या. आनंदानं.

१६ डिसेंबर
ताईंनी बॅग भरली. मी दार अडवलं तेव्हा बोलल्या. जो चित्रातल्या बाईकडे बघत राहतो, त्याला ती धरते. एका वेळी एकालाच; नवा धरला की जुना सुटतो. मग तो कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. फक्त तिच्याकडे टक लावून बघणाऱ्याला दिसतो. नवरा गेल्यावर ताई तासन्‌तास तिच्यासमोर बसायच्या. नक्कल करणाऱ्याइतकं दुसरं कोण बघणार, म्हणाल्या.
"माफ कर गं. मला माणसांत मरायचं होतं."
रिक्षा केली, गेल्या.

१८ डिसेंबर
तिच्या डोळ्यांवर काळा रंग फासला. तेलरंगावर अॅक्रिलिक धरत नाही— पापुद्रा निघाला. डोळे तसेच.
देवासला जाऊन आले. जेवायला आईच्या शेजारी बसले. हाका मारल्या. तिनं माझ्याच मांडीवर ताट—
परत आले. इथं निदान ती बघते.

२१ डिसेंबर
प्रणव आलाय. मला शोधायला. हाका मारतोय, मी ओ देतेय. बाही धरली. त्याला कळत नाही.
दिवाणखान्यात थांबला. चित्राकडे बघतोय— नको—
वळला. डोळे बारीक केले. "दीदी?"
दिसले. पुसट का होईना, दिसले त्याला. परत चित्राकडे बघतोय—
त्याचे डोळे झाकायला हवेत. आत्ताच. पण अजून जरासं बघू दे, नीट दिसू दे मला एकदा, मग झाकते, मग लगेच