माझा चेहरा, तिचं वय

३ जून, सकाळी
लेक अकरा वर्षांची. तिच्या हातात फोन आल्यापासून माझं लक्ष त्या फोनवरच. आजपासून पेरेंटल कंट्रोल. पासवर्ड असा ठेवलाय की कुणाच्या बापाला कळणार नाही.

३ जून, दुपारी
पासवर्ड आठवत नाही.

५ जून
नवा कायदा आला. मेसेजचं ॲपच आता चेहरा बघून वापरणाऱ्याचं वय ठरवणार. सुटलो. बायकोचं म्हणणं, कायदा राहू दे, तू रोज थोडं पोरीशी बोल. बोलून काय होतं? मी थिएटरच्या दारावर तिकिटं तपासणारा माणूस. पेन्सिलनं मिशी काढून आलेलं पोरगं रांगेतच हेरतो. यंत्राची परीक्षा मीच घेणार.

६ जून
लेकीच्या फोनवर ॲप उघडून समोर स्वतःचा चेहरा धरला. यंत्रानं मला छत्तीसचा ठरवलं! मी सेहेचाळीसचा. यंत्रात दम आहे. 'पडताळणी पूर्ण' असंही आलं, म्हणजे काम फत्ते. लेकीला बजावलं, काही वावगं दिसलं तर फोन जप्त. धाक हवाच.

११ जून
लेक जेवताना फोन पालथा ठेवते. मोबाइलचा नाद सुटतोय. बायकोला तसं सांगितलं.

१२ जून
लेक न सांगता बाहेरच्या दाराची कडी लावते, पुन्हा जाऊन ओढून बघते. शिस्त लागली. श्रेय कुणाचं, ते लिहायला नको.

१४ जून, संध्याकाळी
लेकीनं आज स्वतःहून फोन दाखवला. कुणी माणूस तिला आठवडाभर मेसेज करतोय. शाळा कुठली, घरी एकटी कधी असतेस. काल त्यानं आमच्या फाटकाचा फोटो पाठवला. मोठ्यांच्या खात्यावर कुणीही मेसेज करू शकतं, आणि तिचं खातं मोठ्यांचं झालंय. माझ्या चेहऱ्यानं. बायको पोलिसांशी बोलतेय.

आधी का नाही सांगितलंस, लेकीला विचारलं. ती म्हणाली, "ॲपवर लिहिलंय मी मोठी आहे. मोठ्यांनी आपलं आपण निस्तरायचं असतं ना? आणि तू फोन काढून घेतला असतास."

मला भयंकर भीती वाटतेय.

१५ जून
पोलीस येऊन गेले. माणूस सापडलेला नाही. खातं परत लहान मुलीचं करायला लेकीनं चेहरा दाखवला, तर यंत्र म्हणतं, हा चेहरा खातेदाराचा नाही. मग खातेदार म्हणून मीच यंत्रासमोर बसलो. आज यंत्रानं माझं वय साठच्या वर धरलं.

झोपताना लेकीनं विचारलं, बाबा, तू घाबरलायस का. नाही म्हणणार होतो. हो म्हणालो.

मग तीच उठली आणि दाराची कडी बघून आली.