आभाराच्या यादीतलं एक नाव

५ नोव्हेंबर १९९६

मुंजाबा मेंढपाळाला कुऱ्हाडीनं तोडला. खुलताबादच्या डोंगरावर, गायरानात मेंढरं घातली म्हणून. मानेवर तीन घाव, एक तळहातावर — हात आडवा धरला असणार. त्याच्या कुत्र्यालाही सोडलं नाही. एरवी लग्नांचे फोटो काढणारा, माझ्या सोबतीला आलेला बद्रीनाथ फोटो काढता काढता दोनदा ओकला. म्हटलं, तुझी लग्नंच बरी, तिथं नवरा निदान उभा असतो. विनोद वाईट होता.

६ नोव्हेंबर

खून पाहिलेलं माणूस सापडलं! बानाबाई. मुंजाबाच्या शेजारच्या मेंढवाड्यावरची मेंढपाळ. घाणेरीच्या झुडपाआड दडून सगळं बघितलं. "तिघं व्हते. हात जोडीत व्हता त्यो, बाबा. तरी हाणलं." पोलिसांत यायला तयार नाही. "माझं नाव कुठं घिऊ नका. लेकरं हायत." शब्द दिला. छापलं — 'एका प्रत्यक्षदर्शी महिलेने सांगितले'.

९ नोव्हेंबर

बातमी गाजली, बातमीदार नाही! वीस वर्षं कुणाच्या नोकरीत नाही, घरी बसून लिहितो आणि पोस्टानं धाडतो. चेहरा फक्त पोस्टमनला ठाऊक. बद्रीनाथ चिडतो. "गुरुजी, माणसांत या. बोला. तोंड दिसल्याबिगर काम मिळत नाय." त्यानं परस्पर माझं भाषण ठरवलं — औरंगाबादेतल्या माझ्यासारख्याच लेखक-चित्रकार-छायाचित्रकारांचा मेळावा. 'स्वतंत्र कलावंत' म्हणतात स्वतःला. बेकार म्हणायला जीभ जड होते. पाठशाळेत शास्त्रार्थ केलेला मी, पण माईक म्हटलं की शेवटची रांग गाठतो.

१७ नोव्हेंबर

बोललो! पाच मिनिटं अडखळलो, मग थांबेचना. टाळ्या. चहाला गराडा — पुण्याच्या साप्ताहिकानं लेखमाला मागितली, एका प्रकाशकानं पुस्तक. खुलताबादचे फौजदार हात मिळवून गेले — "काही लागलं तर सांगा." वीस वर्षांच्या पोस्टाच्या तिकिटांना जमलं नाही ते एका कपानं केलं. बद्रीनाथ नुसता फुगलाय.

शेवटी आभार मानले. आपल्याकडे आभारातून कुणी सुटलं की जन्माचा रुसवा. कुणालाच सोडलं नाही. मग घरी येऊन, प्रथेप्रमाणे, स्वतःच्या भाषणाची बातमी स्वतःच लिहिली — 'वक्त्यांनी ओघवत्या शैलीत...' थोडी लाज वाटली. शब्द मात्र खोडला नाही. आभारांची यादीही जशीच्या तशी पेपरला दिली.

२० नोव्हेंबर

काल भरदुपारी तिघंजण बानाबाईच्या वाड्यावर आले. लोखंडी गजांनी जबडा फोडला. दोन्ही मनगटं दगडावर ठेवून ठेचली. पाल पेटवलं, आत कोकरं होती. दवाखान्यात तिचं तोंड ओळखू येत नाही — डोळा कुठला, गाल कुठला.

तिची सासू सुगंधाबाई खाली फरशीवर बसलेली. पदराच्या गाठीतून पेपरचा चुरगळलेला तुकडा काढला. "ह्येच दावून हाणलं तिला. बघा की, काय लिवलंय?"

वाचून दाखवलं. 'खुलताबादच्या बानाबाई यांच्या धैर्यामुळेच ही बातमी उजेडात आली, त्यांचे विशेष आभार.'

विशेष!

"कुन्या मुडद्यानं लिवलं?" म्हातारीनं विचारलं.

बातमीवर नाव नसतं, म्हणालो. खोटं नव्हतं ते. म्हणूनच अधिक किळस आली.

२१ नोव्हेंबर

पुण्याहून फोन. लेखमालेला शीर्षक सुचवा म्हणे. फोन ठेवून दिला.

२३ नोव्हेंबर

बानाबाई सकाळी गेली.

ठाण्यात जबाब द्यायला गेलो. फौजदारांनी आधी चहा मागवला. "तिचं नाव पेपरात कुणी दिलं, ते लिहावं लागेल. सभेत शंभर माणसं होती, गुरुजी. आपली ओळख आहे... 'अज्ञात इसम' टाकू?"

दारापाशी बाकावर सुगंधाबाई बसली होती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी माझं पूर्ण नाव सांगितलं.